परिशिष्टातली बाई

४ फेब्रुवारी

प्रिय प्राध्यापक,

सातवीत गणिताच्या मास्तरांना फळ्याजवळ जाऊन चूक दाखवलीस तेव्हा हे नाव तुला चिकटलं. पुढे खरोखरचा प्राध्यापक झालास, आता सरकारचा सल्लागार झालास, पण मी काही ते बदलणार नाही. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. बहिणीचं पत्र तरी फायलीखाली दाबू नकोस.

काल दवाखान्यात नोटीस आली. नव्या आरोग्य विमा कायद्याच्या कलम चौदानुसार, दरमहा ठरावीक रक्कम घेऊन उपचाराची हमी देणं हा म्हणे अनधिकृत विमा व्यवसाय आहे. साठ दिवसांत बंद करा. मी काउंटरवरच्या काकूंना वाचून दाखवली. त्या चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "आपण विमा कधी विकला? आपण तर पट्ट्या बांधतो."

मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. आपल्याकडे आज चारशे अकरा घरं आहेत. सिनेमाच्या दोन तिकिटांइतकी महिन्याची वर्गणी, आणि घरातलं कुणीही कधीही यावं. खोकल्यासाठी या, टाक्यांसाठी या, नुसतं घाबरून या. ना फॉर्म, ना मंजुरी. हे कुणाच्या डोक्यातून निघालं, तुला आठवत असेल. मी सरकारी रुग्णालयात पंधरा वर्षं काढून थकले होते. एका सकाळी शंभर माणसं तपासायची आणि एकाचाही चेहरा लक्षात नाही. तू नुकता शिकून परत आला होतास. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणालास, "ताई, न्हावी दर लिहून लावतो, चांभार लावतो. डॉक्टरच का लपवतो? माणसाला भाव कळू दे, निवड करू दे. मध्ये तिसरा कशाला?" पहिल्या दिवशीचा दरफलक तूच रंगवलास आणि 'ड्रेसिंग' चुकीचं लिहिलंस.

ज्याने कलम चौदा लिहिलं त्या कारकुनाच्या डोक्यात आपल्यासारखे दवाखाने आलेच नसणार. तू त्या कायद्याच्या समितीत आहेस. एक ओळ घालायची, 'लहान वर्गणी दवाखाने वगळून'. बस. पाच मिनिटांचं काम आहे.

वेळेवर जेवतोस ना? टीव्हीवर फार उतरलेला दिसलास.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय प्राध्यापक,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या सहायकाचं. "आपले पत्र प्राप्त झाले. आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे." आपली! अरे, मी तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्यात.

असो. कामाचं सांगते. मी सरकारच्या नव्या विमा योजनेत दवाखान्याची नोंदणी करायला गेले होते. तिथला कारकून भला माणूस होता, स्वतःची खुर्ची दिली त्याने. पण त्याच्यासमोरचा फॉर्म भला नव्हता. प्रत्येक रुग्णाला आजाराचा कोड हवा. मी म्हटलं, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना कोडच नसतो. एक आजी दर सोमवारी येतात, रक्तदाब मोजून घेतात आणि सुनेबद्दल बोलतात. रक्तदाब अगदी छान असतो, आणि तो छान राहतो याचं कारण सोमवार आहे. कारकून म्हणाला, "मॅडम, सोमवारचा कोड नाही."

परवा निरीक्षक आले. नम्र होते. दवाखाना योजनेच्या यादीत नाही, म्हणून छोट्या शस्त्रक्रियेच्या खोलीला सील लावलं. गळू कापणं, जखम साफ करणं, रुतलेलं नख काढणं, सगळं त्याच खोलीत होतं. सील लावून झाल्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझ्या घशाकडे जरा बघता का? आमच्या योजनेच्या कार्डावर पुढच्या आठवड्याची वेळ मिळालीय." मी बघितलं. गोळ्या दिल्या. वर्गणीदार नसल्यामुळे त्यांनी फलकावर बघून पैसे दिले, सुटे मोजून.

काकू त्या खोलीसमोरून जाताना अजून चपला काढतात. सवय आहे.

तू एकदा फोन कर. मला खात्री आहे, तुला हे कुणी नीट सांगितलेलंच नाही.

ताई


९ मार्च

प्राध्यापक,

ज्या अहवालावरून हा कायदा झाला, तो तुमच्या समितीचा अहवाल आज वाचला. तीनशे पानं आहेत, तरी मी वाचला, कारण तो तू लिहिलाय. तुझी वाक्यं मी ओळखते. 'परंतु' ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य तुझं.

परिशिष्ट ब, उदाहरण चार. "एका खासगी वर्गणी दवाखान्यात शिवणकाम करणारी मधुमेही महिला नोंदलेली होती. तीन महिने वर्गणी न भरल्याने दवाखान्याने तिचे नाव कमी केले. तिने उपचार थांबवले. पुढे पायाला झालेला जंतुसंसर्ग रक्तात पसरून तिचा मृत्यू झाला. असे दवाखाने चालू ठेवणे लोकहिताचे नाही."

टेलरबाईंची गोष्ट मी तुला सांगितली होती. आई शेवटची रुग्णालयात होती, आपण दुपारी जिन्यावर बसलो होतो. तू माझा हात धरला होतास. तुझ्याशिवाय जगात कुणालाच मी ते सांगितलं नव्हतं. मी रडले होते रे. तेव्हा तू मनातल्या मनात टिपणं काढत होतास का?

आणि अर्धंच लिहिलंस. वर्गणी थकली तेव्हा मी त्यांना निरोप पाठवला होता, पैशांचं राहू दे, तुम्ही या, असा. तेही तुला सांगितलं होतं. ते कुठे गेलं? की ते वाक्य 'परंतु' ने सुरू होत होतं म्हणून कापलंस?

कलम चौदा कारकुनाने लिहिलेलं नाही. महिनाभर मी एका कारकुनावर चिडले होते. त्या बिचाऱ्याची माफी मागते.


२१ एप्रिल

हे पत्र पाठवायचं नाही असं ठरवलं होतं. पाठवतेय, कारण हे तुझ्या कुठल्याच परिशिष्टात येणार नाही.

आधी चांगलं सांगते. नोटिशीची मुदत जूनअखेरपर्यंत वाढवून मिळालीय. पुढच्या गल्लीत क्रेन चालवणारा राहतो. त्याच्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायला हवी होती. मी सहा वर्षं औषधांवर ढकलत होते, त्यापुढे माझ्या हातात काही नव्हतं आणि त्याच्याही. तुझ्या कार्डावर तिचं ऑपरेशन झालं. ती परवा जिना चढून माझ्याकडे आली आणि दम न लागता दहा मिनिटं बोलली. मी खोटं बोलणार नाही. ते तुझ्यामुळे झालं.

आता घड्याळवाले काका. बसथांब्याजवळ त्यांची काचेची टपरी आहे, तू लहानपणी नाक चिकटवून बघत बसायचास तशीच. साखर आहे त्यांना. मार्चच्या शेवटी पायाच्या अंगठ्याजवळ फोड घेऊन आले. फोड फुटलेला, कडा काळपट. आत साचलेलं काढून टाकायला हवं होतं, वीस मिनिटांचं काम. खोली सील. मी म्हटलं, काका, योजनेच्या रुग्णालयात आजच्या आज जा. ते गेले. तिथे सांगितलं, मंजुरी लागेल. मंजुरीसाठी फोटो हवा. फोटो पाठवला तर उत्तर आलं की जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून काढा. पुन्हा पाठवला. मग सुट्ट्या आल्या. अकरा दिवस गेले.

रोज ते माझ्याकडे येऊन बाहेरच्या बाकावर पाय वर करून बसत आणि मी पट्टी बदलत असे. दरवाजा तीन पावलांवर. सील म्हणजे काय, एक कागद आणि थोडी लाख. मी ते फोडायला हवं होतं. सातव्या दिवशी मी कात्री हातात घेऊन त्या दारासमोर उभी राहिले. काकू म्हणाल्या, "फोडा. मी बघितलं नाही." मी फोडलं नाही. मला वाटत होतं, तुझा फोन येईल, नोंदणी होईल, आणि मध्येच सील फोडलेलं सापडलं तर सगळं बिघडेल. शिव्या देऊनही मी तुझीच वाट बघत होते, हे मला त्या दारासमोर कळलं.

मंजुरी आली तोवर उशीर झाला होता, पायाची दोन बोटं काढावी लागली. काका म्हणाले, "पायाची गेली, हाताची नाही ना, मग धंदा चालू." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

तुझ्या कागदावर हा यशस्वी दावा आहे. मंजूर, पूर्ण, समाधानकारक.


१४ मे

प्राध्यापक,

काल आपण तीन वर्षांनी भेटलो आणि मधे टेबल होतं. नंतर जे बोललो ते लिहून ठेवतेय, कारण तू ते तुझ्या पद्धतीने लक्षात ठेवशील.

तुझ्या समितीच्या जनसुनावणीत मी बाविसावी होते. माझ्या आधी एक दाढदुखीवाला बोलला, एक औषधविक्रेता बोलला. तू मान खाली घालून लिहीत होतास. कपाळावरचे केस पार गेलेत तुझे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला योजनेशी भांडायचं नाही. ज्यांना हवी त्यांना ती असू दे. चारशे अकरा घरांनी स्वतःच्या मर्जीने माझ्याकडे नाव घातलं, स्वतःच्या मर्जीने ते काढू शकतात. त्यात सरकारचं काय बिघडतं एवढंच सांगा.

तू मान वर न करता विचारलंस, "एखाद्या वर्गणीदाराला पैसे देणं जमलं नाही तर आपला दवाखाना काय करतो?"

सभागृहात सगळ्यांसमोर. मला 'आपला' म्हणून.

मी म्हटलं, "आम्ही निरोप पाठवतो. पैशांविना या म्हणून सांगतो."

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "नोंद घेतली. पुढचे."

बाहेर जिन्याखाली पाण्याच्या पिंपाजवळ तू मला गाठलंस. बरोबरच्या दोघांना हाताने लांब थांबवलंस. हे तू कधी शिकलास?

"ताई, तुला त्रास व्हावा असं मला वाटत नव्हतं."

"मग कुणाला व्हावा असं वाटत होतं?"

"तुझ्याकडे चारशे घरं आहेत. मला सगळ्यांचा विचार करायला लागतो. ज्यांना तुझी वर्गणीही परवडत नाही त्यांचाही."

"कर ना. मी कुठे अडवलंय? माझं बंद का करतोस? शेजारी शेजारी चालू दे दोन्ही."

तू इकडेतिकडे बघितलंस आणि आवाज खाली आणलास. "चालू ठेवता येत नाही. तसं केलं तर धडधाकट माणसं तुझ्याकडे राहतील आणि आजारी तेवढे योजनेत येतील. योजना वर्षभरात बसेल. सगळ्यांना आत घेतल्याशिवाय गणित जमत नाही."

"म्हणजे मोकळं सोडलं तर लोक माझ्याकडे येतील, हे तुला माहीत आहे."

तू पिंपावरचा पेला उचललास आणि परत ठेवलास.

"आणि माहीत असून दार लावतोयस."

"ताई, मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. ओट्याला टेकून माणूस काहीही बोलतो."

त्या काहीहीवर मी नोकरी सोडली होती रे. निवृत्तिवेतन सोडलं होतं. तू मत बदललंस याचा राग नाही, माणसं बदलतात. पण बदललास तर घरी येऊन सांगायचं होतंस. समोर बसून म्हणायचं होतंस, ताई, मी चुकलो होतो, तू माझं ऐकून फसलीस, आता असं असं होणार आहे. मी भांडले असते. ताट आपटलं असतं. पण मग वाढलंही असतं.

तू म्हणालास, "काहीतरी मार्ग काढतो." आणि त्या दोघांकडे निघून गेलास.


२ जुलै

प्रिय प्राध्यापक,

तुझा मार्ग पोचला. जाड पाकीट, शिक्का, तुझी स्वतःची सही. कलम चौदामधून 'प्रायोगिक तत्त्वावर' एका दवाखान्याला तीन वर्षांची सूट. खाली आमचा पत्ता.

काकूंनी पेढे मागितल्यासारखा चेहरा केला. मीही दिवसभर तो कागद टेबलावर ठेवून काम केलं. तासाभराने उचलायचा, वाचायचा, परत ठेवायचा. संध्याकाळी नदीपलीकडचा डॉक्टर आला. त्याचाही वर्गणी दवाखाना आहे, आपलं बघूनच त्याने सुरू केला होता. त्याने कागद वाचला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "याला अर्ज कुठे करायचा?" अर्ज कुठेच करायचा नाही. त्यासाठी सल्लागाराची बहीण व्हावं लागतं.

पाकिटात तो कागद परत पाठवतेय. एक लक्षात ठेव, मी मोठेपणा करत नाहीये. तू मला शिकवलं होतंस की ज्या धंद्याला दार उघडायला कुणाची तरी मेहरबानी लागते, तो धंदा मेहरबानी करणाऱ्याचा असतो. तू विसरलास. माझ्या डोक्यात ते अजून बसलंय.

मुदत संपली म्हणून दवाखाना शनिवारी बंद केला. लोकांना आपापल्या फायली घेऊन जायला सांगितलं होतं. दिवसभर रांग होती. सोमवारच्या आजींनी फाईल छातीशी धरली आणि विचारलं, आता सोमवारी मी कुठे जाऊ? घड्याळवाले काका काठी टेकत आले, भिंतीवरचं घड्याळ उतरवून मागचं झाकण उघडलं, तेल घातलं, परत लावलं. मी म्हटलं, काका, दवाखाना बंद होतोय. ते म्हणाले, "मग? ते बंद व्हायचं काय कारण?"

एकच फाईल न्यायला कुणी आलं नाही. टेलरबाईंची.

आता जे लिहितेय ते मी तुला जिन्यावर सांगितलं नव्हतं, मार्चच्या पत्रात लिहिलं नव्हतं, आणि सुनावणीत तर सगळ्यांसमोर उलटंच बोलले.

मी निरोप पाठवला नव्हता.

काकूंनी विचारलं होतं, "टेलरबाईंचे तीन महिने झाले, काय करू?" मी एका मुलीच्या हनुवटीला टाके घालत होते, ती ओरडत होती. मी वर न बघता म्हटलं, "काढा नाव." संध्याकाळी निरोप पाठवू असं मनात आलं होतं. दुसऱ्या दिवशीही आलं. मग येईनासं झालं. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी मनाशी म्हणाले, निरोप पाठवलाच होता. इतक्या वेळा म्हणाले की तुला सांगताना तो खराच वाटला. अहवालात तू माझं खोटं गाळलंस आणि उरलं ते सगळं खरं होतं. तुला ते ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि तरी मी तुझ्यावर 'अर्धंच लिहिलंस' म्हणून ओरडले.

रविवारी सकाळी फाईल घेऊन मी त्यांच्या मुलीकडे गेले. तीसच्या आसपास असेल. आईच्याच मशीनवर काम करते. दारात मला बघून आत या म्हणाली, कापडाचे तुकडे बाजूला सारून जागा केली. मी सगळं सांगितलं. नाव काढलं ते, निरोप पाठवला नाही ते, अहवालात तिच्या आईबद्दल छापून आलंय ते. ती शिवत होती ती बाही तिने पूर्ण केली. दोरा तोडला.

"हे आता का सांगताय?"

"तू कुठेतरी वाचशील, त्याआधी सांगावं म्हणून."

"आई तुमच्याकडे यायची बंद झाली ती लाजून. मी म्हणायची, जा, डॉक्टर काही बोलणार नाहीत. ती म्हणायची, बोलावलं की जाईन." मग तिने विचारलं, "ज्यांनी ते छापलं, त्यांनी आम्हाला विचारलं होतं का?"

"नाही."

"ते कोण?"

"माझा भाऊ."

तिने माझ्याकडे बघितलं. राग असता तर मी सोसला असता. ती नुसतं जुळवून बघत होती, दोन कापडं लावून बघावीत तसं.

"म्हणजे माझी आई जिवंत होती तेव्हा तुम्ही तिला विचारलं नाही, आणि मेल्यावर त्यांनी नाही," ती म्हणाली. "एकाच घरातले तुम्ही."

फाईल तिने ठेवून घेतली. मला दारापर्यंत सोडायला आली नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. जिन्यावरचं ते दुपारचं बोलणं तू विकलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. कायदा चुकीचा आहे असं मी काल म्हणत होते, उद्याही म्हणेन, नदीपलीकडच्या डॉक्टरबरोबर कोर्टातही म्हणणार आहे. पण तिथे उभं राहण्याआधी मला माझी सुनावणीतली साक्ष दुरुस्त करायचीय. तसं आज समितीला लेखी कळवलंय. परिशिष्टात 'एका खासगी दवाखान्याने' असं जिथे आहे तिथे माझं नाव घाला, असंही लिहिलंय. माझ्या नावाने खटला कमजोर होईल असं वकील म्हणाले. होऊ दे.

राहिलं तुझं. टेलरबाईंची गोष्ट अहवालात राहावी की काढावी, हे तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. ते त्यांच्या मुलीला विचारायचं. ती सकाळी दहापासून घरीच असते, मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. सहायकाला पाठवू नकोस. तू जा.

ताई